वयात येणाऱ्या चेतापेशी

१९६७ साली चेताशास्त्रज्ञ अर्व्हिंग कुफरमन यांनी ॲप्लिसिया या समुद्री सशाच्या ‘बॅग सेल’ पेशींचा अर्क दुसऱ्या ॲप्लिसियाला टोचला आणि त्याने अंडी घातली. प्रजननासारखे गुंतागुंतीचे वर्तन मोजक्या चेतापेशींपर्यंत माग काढत नेता येते, हे त्यातून दिसले. ॲप्लिसिया गोगलगायीच्या कुळातला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला सापडणारा. बॅग सेल त्याच्या पोटातील चेतागुच्छिकेलगत (चेतापेशींच्या गाठीलगत) दोन पुंजक्यांत असतात.

या पेशींचा स्वभाव मोठा विलक्षण. एरवी त्या गप्प असतात. थोडा वेळ चेतवल्या, की सुमारे अर्धा तास सगळ्या मिळून विद्युत आवेग सोडत राहतात. त्या काळात ३६ अमिनो आम्लांचे अंडी घालण्याचे संप्रेरक बाहेर पडते. प्राणी खाणे थांबवतो आणि डोके हलवत अंड्यांची लांबच लांब दोरी चिकटवू लागतो. त्यानंतर त्या पेशी कित्येक तास सहजी दाद देत नाहीत.

एवढा दीर्घ आवेग टिकतो कसा? १९८०च्या दशकात लेनर्ड कझमारेक आणि सहकाऱ्यांनी याचा पाठपुरावा केला. प्रोटीन कायनेज सी हे विकर जागे झाले, की पेशीपटलातून आत येणारा कॅल्शियमचा प्रवाह वाढतो, हे १९८५ मध्ये दिसले. दोनच वर्षांनी कळले, की हा प्रवाह आधीच्याच चॅनेलचा (पेशीपटलातील, आयन ये-जा करण्याच्या वाटांचा) वाढलेला जोर नाही. एरवी निष्क्रिय असणारे वेगळे कॅल्शियम चॅनेल कामाला लागतात. माझ्या मते या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. कोणते चॅनेल कधी कामावर येतात, यावर पेशीचे वागणे ठरते, हे इथे उघड झाले.

मग साहजिकच प्रश्न आला: अपरिपक्व ॲप्लिसियातही बॅग सेल असतात, तरी तो अंडी का घालत नाही? १९९६ मध्ये निक, कझमारेक आणि कॅरू यांनी लहान आणि प्रौढ प्राण्यांच्या बॅग सेलमधील प्रवाह तपासले. आवेग लगेच आवरणारे पोटॅशियमचे प्रवाह आणि त्याला रेटा देणारे कॅल्शियमचे प्रवाह यांचा तोल वयानुसार बदलतो, असा या संशोधनाचा रोख होता. पेशी आधीपासून जागेवर असते; बदलतो तो तिच्या पटलातील चॅनेलचा संच.

इथे एक साम्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८३ मध्ये आढळले, की ॲप्लिसियातल्या या संप्रेरकाच्या पेशी शरीराच्या बाह्य आवरणात जन्मतात आणि तिथून चेतासंस्थेत जातात. सहा वर्षांनी उंदरांत दिसले, की सस्तन प्राण्यांचे प्रजनन चालवणाऱ्या जीएनआरएच (गोनॅडोट्रॉपिन-रिलीजिंग हॉर्मोन) या संप्रेरकाच्या चेतापेशीही मेंदूबाहेर, नाकाच्या भागात, जन्म घेऊन मेंदूत शिरतात.

या दुसऱ्या पेशींची गोष्ट २००३ मध्ये वेगाने पुढे सरकली. किसपेप्टिन या मेंदूतील संदेशवाहक रेणूचा ग्राही (त्याचा संदेश पकडणारे प्रथिन) निकामी असेल, तर माणूस वयात येत नाही, हे त्या वर्षी समजले. किसपेप्टिन जीएनआरएच पेशींतील काही पोटॅशियम चॅनेल बंद करते आणि धन आयन आत सोडणारे इतर चॅनेल उघडते, हे पुढे उलगडले. २००५ मध्ये ॲलन हर्बिसन यांच्या गटाला आढळले, की किसपेप्टिनला दाद देणाऱ्या जीएनआरएच पेशी उंदराच्या पिल्लांत साधारण चौथा हिस्साच असतात; प्रौढ उंदरांत मात्र हे प्रमाण ९० टक्क्यांवर जाते.