फाल्कनचा बदललेला भूतकाळ

अमेरिकी कॉमिक्समधील कृष्णवर्णीय सुपरहिरोंचा विषय निघाला की चर्चा बहुधा ‘पहिला कोण’ या प्रश्नाभोवतीच फिरते. १९६६ मध्ये आलेला ब्लॅक पँथर हा वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाचा राजा होता. तो अमेरिकी नव्हता, म्हणून मुख्य प्रवाहातील पहिला आफ्रिकी-अमेरिकी सुपरहिरो हा मान सामान्यतः १९६९ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’च्या ११७व्या अंकात अवतरलेल्या फाल्कनला दिला जातो. मात्र फाल्कनच्या बाबतीत या मानापेक्षा, पुढे त्याच्या पूर्वायुष्याचे लेखकांनी काय केले, हे अधिक बोलके आहे.

स्टॅन ली आणि चित्रकार जीन कोलन यांनी घडवलेला फाल्कन, म्हणजेच सॅम विल्सन, हा न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील समाजसेवक, स्वाभिमानी आणि सरळमार्गी. १९७१ पासून अंकाच्या शीर्षकात कॅप्टन अमेरिकाच्या जोडीने त्याचेही नाव झळकू लागले. १९७५ मधील १८६व्या अंकात मात्र वाचकांना सांगण्यात आले की हा सॅम खरा नव्हेच. तो मूळचा ‘स्नॅप’ विल्सन, भडक सूट घालणारा गुन्हेगार. रेड स्कल या नाझी खलनायकाने कॉस्मिक क्यूब या वास्तव बदलू शकणाऱ्या काल्पनिक वस्तूच्या शक्तीने त्याच्या स्मृती बदलून कॅप्टन अमेरिकाला आवडेल असा सज्जन साथीदार तयार केला होता. म्हणजे ज्या सचोटीमुळे हे पात्र वेगळे ठरले, तिचेच श्रेय एका वंशद्वेष्ट्याच्या पदरात पडले, आणि कृष्णवर्णीय माणसाचे ‘खरे’ रूप म्हणून गुन्हेगारीचा जुनाच साचा पुढे आला. धक्कातंत्र म्हणून हा बदल क्षम्य मानणे मला शक्य नाही.

एकदा छापलेली कथा सहजासहजी पुसता येत नसल्याने पुढच्या लेखकांना डागडुजी करावी लागली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जे. एम. डीमॅटिस यांनी सॅमला धर्मोपदेशक वडील दिले, आईवडिलांच्या हिंसक मृत्यूंनी तो कोलमडला आणि त्यातून ‘स्नॅप’ निर्माण झाला, अशी संगती लावली.

भूतकाळ मागाहून बदलण्याचे हेच तंत्र २००३ मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी नेमके उलट्या दिशेने वापरले. कॅप्टन अमेरिकाला बलवान करणाऱ्या औषधाचे प्रयोग कृष्णवर्णीय सैनिकांवर झाले होते आणि त्यांतून वाचलेल्या आयझाया ब्रॅडलीला गौरवाऐवजी तुरुंगवास मिळाला, असे त्यांनी दाखवले. त्यामागे अमेरिकेतील टस्कीगी येथील खऱ्या प्रयोगाची सावली होती. तेथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून सरकारी आरोग्य यंत्रणेने त्यांचे केवळ निरीक्षण केले.

तरीही जुनी सवय लगेच सुटली नाही. आयझायाचा नातू एली २००५ मध्ये ‘पेट्रियट’ म्हणून आला, तेव्हा आजोबांच्या रक्तातून मिळाल्याचे तो सांगत असलेली शक्ती प्रत्यक्षात बेकायदा अमली द्रव्याची निघाली. आजोबांचे रक्त त्याला खरोखर मिळाले ते नंतर, तो जबर जखमी झाल्यावर.