दुधाच्या वाटेने येणारा ताप : कोल्हापुरातील पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘वन हेल्थ’, म्हणजे माणसांचे आणि जनावरांचे आरोग्य एकत्र पाहण्याचा विषय निघाला की बोलणे भटक्या कुत्र्यांपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. रेबीजची भीती खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण या जिल्ह्यात माणूस आणि जनावर रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांना भिडतात ते गोठ्यात. म्हणून इथली पार्श्वभूमी दुधापासून पाहावी लागते.

प्लेगचा काळ बहुतेकांना ऐकून माहीत आहे. १८९६ साली मुंबईत आलेली साथ पुढच्या काही वर्षांत दक्षिणेतल्या संस्थानी मुलुखातही पोहोचली. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या टाकायच्या, हे लोक अनुभवाने शिकले. पिसवांचा दुवा शास्त्रज्ञांनी १८९८ साली मांडला, तोवर ही शहाणीव गावोगाव पसरू लागली होती. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले, तेव्हा उंदीर आणि रुग्ण यांची माहिती एका ठिकाणी गोळा करण्याची पद्धत नव्याने उभी करावी लागली.

ब्रुसेल्ला हा जनावरांत गर्भपात आणि माणसांत लांबणारा ताप आणणारा जंतू. त्याची गोष्ट मुंबईतल्या प्लेगच्याच सुमारास दूर माल्टा बेटावर घडत होती. १८८७ साली तिथल्या एका लष्करी डॉक्टरने मृत सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा केला. तो येतो कुठून हे कळायला १९०५ साल उजाडले : वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून. पुढच्या वर्षी छावणीत शेळीचे दूध बंद झाले आणि सैनिकांचा ताप झपाट्याने उतरला. त्यासाठी औषध लागले नाही. माणसांचे डॉक्टर शेळ्या तपासायला गेले, एवढेच घडले.

कोल्हापुरात नेमके याच्या उलट झाले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि आरोग्य व पशुसंवर्धन ही दोन्ही खाती एका छपराखाली आली. समित्या मात्र दोन, दवाखाने वेगळे, नोंदवह्याही वेगळ्या. पुढच्याच वर्षी जिल्ह्याचा सहकारी दूध संघ स्थापन झाला. गावोगाव दूध संस्था निघाल्या, दर दहा दिवसांनी बिल हातात येऊ लागले आणि दोन-तीन म्हशींवर घर चालवता येते हे अनेक कुटुंबांनी पहिल्यांदा अनुभवले. हे मोठे काम आहे, त्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. संस्थेच्या काट्यावर दुधाची फॅट मोजली जाते, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) मोजले जाते, भेसळ पकडली जाते. पण त्या दुधामागच्या जनावराला कोणता संसर्ग आहे, हा प्रश्न त्या काट्यावर विचारला गेला नाही. संघाच्या प्रकल्पात दूध पाश्चराइज होते, म्हणजे ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापते आणि ब्रुसेल्ला मरतो. त्यामुळे पिशवीतले दूध पिणाऱ्याचा प्रश्न सुटला. धार काढणाऱ्याचा, वासरू ओढणाऱ्याचा आणि व्याल्यानंतर अडकलेली वार काढणाऱ्याचा प्रश्न होता तिथेच राहिला.

दूध वाढवायचे म्हणून परराज्यांतून मुऱ्हा आणि मेहसाणा म्हशी आल्या, अजूनही येतात. घेणारा चार वेळा धार काढून बघतो, सड बघतो, वेत विचारतो. म्हैस कधी गाभडली होती का, म्हणजे तिचा गर्भ अकाली पडला होता का, हे विकणारा सांगत नाही. ब्रुसेल्लोसिस झालेली म्हैस पुष्कळदा एकदाच गाभडते, पुढच्या वेळी नीट विते आणि त्यानंतरही दुधातून आणि वारेतून जंतू सोडत राहते. विक्रीच्या वेळी ती निरोगीच दिसते.

आता ज्या निर्णयावर पशुवैद्यकांमध्ये आजही दोन तट आहेत, त्याकडे येऊ. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेल्लोसिस या दोन रोगांविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये मंजूर झाले आणि सगळा खर्च केंद्राने उचलला. ब्रुसेल्लोसिसपुरते धोरण असे : ४ ते ८ महिने वयाच्या कालवडी आणि पारड्या यांनाच लस द्यायची, आयुष्यात एकदाच, आणि कानात १२ अंकी बिल्ला मारून नोंद करायची. मोठ्या जनावरांना लस नाही, नरांना नाही, गाभणीला तर नाहीच. लस आहे ‘एस-१९’, १९२३ साली एका गाईच्या दुधातून मिळालेल्या जंतूपासून तयार झालेली. ती जिवंत लस आहे. गाभण जनावराला टोचली तर गर्भपात होऊ शकतो. मोठ्या जनावराला दिली तर रक्तातली प्रतिद्रव्ये लसीची की रोगाची हे चाचणीत वेगळे करता येत नाही. आणि टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच ब्रुसेल्लोसिस होऊ शकतो.

‘आरबी-५१’ नावाची दुसरी लस आहे. अमेरिकेने १९९६ पासून ती स्वीकारली. तिने चाचणीत घोळ होत नाही. पण ती रिफॅम्पिसिनला दाद देत नाही, आणि माणसाच्या ब्रुसेल्लोसिसवर डॉक्सिसायक्लिनच्या जोडीने सहा आठवडे दिले जाते ते औषध नेमके रिफॅम्पिसिनच. शिवाय या लसीचा जंतू माणसात शिरला तर नेहमीच्या रक्तचाचणीत तो सापडत नाही. तेव्हा ‘एस-१९’ची निवड समजण्यासारखी आहे. ती देशात तयार होते आणि तिचा अनुभव दीर्घ आहे.

खरा वाद लस कोणती यावर नाही. ज्या देशांनी हा रोग हटवला, त्यांतल्या बहुतेकांनी लसीच्या जोडीला ‘तपासा आणि काढा’ हा मार्ग धरला. बाधित जनावर कत्तलीला जायचे आणि मालकाला भरपाई मिळायची. आपल्याकडे गाईच्या बाबतीत कायद्यानेच तो मार्ग बंद आहे. म्हशीला ती बंदी लागू नाही, पण दोन म्हशींतली एक भरपाईशिवाय काढून टाका असे कोल्हापूरच्या शेतकऱ्याला कोण सांगणार? बाधित जनावर वेगळे बांधा, हा २००९ च्या प्राणिरोग कायद्यातला पर्यायही कागदावर सोपा आहे. गोठा घराच्या सोप्याला लागून, दावणी तीन, तिथे वेगळे म्हणजे कुठे? म्हणून फक्त वासरांना लस देऊन पिढी बदलण्याची वाट पाहायची, असे ठरले. हा निर्णय अव्यवहार्य नव्हता. त्याचा अर्थ मात्र असा झाला की २०१९ साली दावणीला असलेल्या प्रत्येक बाधित म्हशीशी घरातल्या माणसांचा संबंध पुढची आठ-दहा वर्षे तसाच राहणार. त्या माणसांसाठी कार्यक्रमात तेवढाच ठळक भाग हवा होता, आणि तो नव्हता. हे माझ्या मते त्या धोरणातले सगळ्यात मोठे भगदाड आहे.

त्या माणसांमध्ये बायका पुढे आहेत. शेण, धार, वैरण ही कामे बहुतेक घरांत त्यांच्याकडे. वार अडकली तर उघड्या हाताने ओढली जाते, गाभडलेला गर्भ ओढ्याकाठी टाकला जातो आणि कुत्री तो गावभर नेतात. चुन्यासह खोल पुरणे हा साधा उपाय आहे, पण तो सांगणारा पशुवैद्यक आणि त्या बाईचा ताप बघणारा डॉक्टर एकमेकांना ओळखतीलच असे नाही. ताप चढतो-उतरतो, रात्री घाम सुटतो, कंबर आणि सांधे धरतात. आधी टायफॉइडची तपासणी होते, मग क्षयाची शंका येते. ‘घरी जनावरे आहेत का, कोणते गाभडले का?’ हा एक प्रश्न विचारला तर महिने वाचतात.

शहराची बाजू वेगळी आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणचे दूध कट्टे ही कोल्हापूरची ओळख आहे. समोर म्हैस पिळून फेसाळ, धारोष्ण दूध ग्लासात मिळते आणि तालमीतल्या पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे ते पितात. पैलवानकीच्या या परंपरेबद्दल मला आदर आहे. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेल्ला येतो आणि जनावरांचा क्षयही येऊ शकतो, हे माल्टापासून माहीत असलेले सत्य आहे. कट्टे बंद करा ही मागणी मला चुकीची वाटते. कट्ट्यावर उभ्या राहणाऱ्या म्हशी मोजक्या असतात आणि त्यांचे मालक ठाऊक असतात. त्यांची ठरावीक काळाने तपासणी करणे जिल्ह्यातल्या सगळ्या जनावरांच्या मानाने कितीतरी सोपे आहे.

महापुरांनी दुसरा आजार पुढे आणला. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा पात्राबाहेर गेली. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर आणि जनावरांच्या मुतातून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. उसाच्या फडातही हाच धोका असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये १९३० च्या दशकात ऊसतोड कामगारांनी लेप्टोमुळे संप केला आणि तोडणीआधी ऊस जाळून उंदीर घालवण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे उसाचे वाडे, म्हणजे शेंड्याची पाने, ही जनावरांची वैरण, त्यामुळे तो उपाय इथे चालणारा नाही. तोडकऱ्याच्या पायात बूट हवेत.

जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा धोका अजून वेगळा. १९५७ साली शिमोग्याच्या जंगलात ओळखला गेलेला, गोचिडांतून पसरणारा माकडताप २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात आला. मध्ये तिलारीचा घाट तेवढा. काजूच्या बागेत काम करणाऱ्याला गोचिडाबद्दल सांगणे हे आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे काम आहे.

राष्ट्रीय पातळीवर हालचाल उशिरा, पण वेगाने झाली. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला ‘वन हेल्थ’च्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली आणि २०२४ च्या सुरुवातीला ‘वन हेल्थ’ मोहिमेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. दरम्यान, कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्षांत लस टोचलेल्या पारड्या मोठ्या होऊन पहिल्या-दुसऱ्या वेताला आल्या आहेत. वेळेत टोचलेल्या बहुतेक वासरांतली लसीची प्रतिद्रव्ये या वयापर्यंत ओसरतात, त्यामुळे आता तपासणीत सापडेल तो बहुधा खरा संसर्ग असेल. गावाच्या दूध संस्थेत बिल्ल्याचा क्रमांक आहे, दोन वेळचे दूध आहे, मालकाचे नाव आहे. त्याच गावातल्या लांबलेल्या तापाच्या रुग्णांची रोझ बंगाल चाचणी (ब्रुसेल्लोसिसची साधी रक्तचाचणी) प्राथमिक आरोग्य केंद्राने त्याच महिन्यात केली, तर दोन नोंदवह्या पहिल्यांदाच शेजारी ठेवून वाचता येतील.