मूठभर जागेचा भास

जुन्या पिकअपला मोठे टायर घालायचे मनात आले की माणूस आधी गाडीशेजारी उकिडवा बसतो आणि टायर व मडगार्डच्या मधल्या फटीत मूठ घालून बघतो. मूठ आरामात जाते. जागा आहे म्हणजे झाले, असे म्हणून टायर आणले जातात, बसतातही. मग गाडी पहिलेच वळण घेते आणि पुढून ‘खर्रर्र’ आवाज येतो.

मूठ खोटे बोलत नाही. तिने मोजलेली जागा फक्त उभ्या गाडीची आणि सरळ चाकाची असते, एवढेच. चालत्या गाडीचे चाक वळते, वर दबते, तिरके होते. या सगळ्या हालचालींत टायर जिथे जिथे पोहोचतो, ती सगळी पोकळी रिकामी लागते. घासणे ठरते ते या टोकाच्या जागांवर.

आधी मापे बघू. टायरवर २३५/७५ आर १५ असे लिहिलेले असेल तर टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७५ टक्के आणि रिमचा व्यास १५ इंच. भिंत वर एक, खाली एक. हिशेब करता एकूण व्यास सुमारे ७३३ मिमी येतो. याच रिमवर ३१×१०.५० मापाचा टायर घालायचा तर व्यास ३१ इंच म्हणजे ७८७ मिमी आणि रुंदी सुमारे २६७ मिमी. व्यास ५४ मिमीने वाढला, पण आस वर उचलला जातो फक्त २७ मिमी. एवढ्या खटाटोपातून गाडीच्या पोटाखाली मिळणारी जादा उंची तेवढीच! शिवाय ही मापे नाममात्र असतात. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर काही मिलिमीटरनी वेगळे निघतात आणि दणकट नक्षीच्या टायरचे खांद्यावरचे, म्हणजे नक्षी व भिंत जिथे मिळतात त्या कडेवरचे, गट्टू आणखी बाहेर येतात.

आता वळणाचे गणित. पुढचे चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. ते थोड्या आत असलेल्या एका अक्षाभोवती वळते. समजा, टायरचा मध्य या अक्षापासून ३० मिमी बाहेर आहे. मग टायरचा सर्वांत दूरचा बिंदू म्हणजे त्याचा बाहेरचा खांदा, आणि त्याचे अंतर पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते. जुन्या टायरसाठी ते ३९५ मिमी भरते, नव्यासाठी ४२६. त्रिज्या २७ मिमीनेच वाढली होती, पण रुंदीनेही हातभार लावला. चाक वळले की हाच खांदा पुढे बंपरच्या कोपऱ्याकडे किंवा मागे केबिनच्या पत्र्याकडे फिरतो.

आतल्या बाजूला टायर चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लागेल म्हणून बरेच जण चाक बाहेर ढकलतात. कमी ऑफसेटचे रिम घेतात किंवा हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागावर, स्पेसर (जाड चकती) लावतात. हबला टेकणारा रिमचा पृष्ठभाग आणि रिमचा मध्य यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. चाक २५ मिमी बाहेर काढले तर आतला धोका टळतो खरा, पण वरचा ४२६ चा आकडा ४३६ होतो. म्हणजे चासीला घासणारा टायर आता बंपरला घासणार. शिवाय खड्ड्यांचे हिसके स्टिअरिंगवर जास्त जाणवतात आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. चाके बाहेर आलेली गाडी रुबाबदार दिसते, हे मात्र मान्य.

‘मग गाडी उंच करू’ हा पुढचा सल्ला हमखास मिळतो. इथे खरी मेख आहे. लांब स्प्रिंग किंवा जादा पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) घालून गाडी ५० मिमी उचलली, की उभ्या गाडीतली फट तेवढीच वाढते. पण चाक वर किती जाणार हे स्प्रिंगची उंची ठरवत नाही. ते ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे आस जिथे आदळून थांबतो तो रबरी ठोकळा. पूर्वी ठोकळ्यापर्यंतचा प्रवास ८० मिमी असेल तर आता १३० मिमी झाला. मोठ्या खड्ड्यात चाक तो पूर्ण करते आणि जिथे पूर्वी पोहोचत होते तिथेच पोहोचते. टायर आता २७ मिमीने मोठा असल्याने मडगार्डला तेवढा अधिक भिडतो. घासण्याचे प्रसंग कमी होतात, पण घासतो तेव्हा जोरात. म्हणून गाडी उचलताना बंप स्टॉपही खाली आणावा लागतो. बॉडी आणि चासीच्या मध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी उचलली तर मडगार्ड खरोखर चाकापासून दूर जाते. दिसायला मात्र ते जरा विचित्रच.

अखंड आस असलेल्या गाडीत आणखी एक हालचाल आहे. एक चाक दगडावर चढले की आस कलतो आणि त्या चाकाचा माथा आत झुकतो. कल १० अंशांचा असेल तर ३९४ मिमी त्रिज्येच्या टायरचा माथा सुमारे ६८ मिमी आत जातो. सपाट जमिनीवर ही घासणी कधीच सापडत नाही.

गाडी जुनी असली की कारखान्यातली मापेही धरून चालत नाही. पाटे दबलेले असतात, बहुधा एका बाजूला जास्त. झिजलेल्या बुशमुळे (सांध्यांतल्या रबरी नळकांड्यांमुळे) ब्रेक दाबताच चाक किंचित मागे सरकते आणि टायर फक्त ब्रेकच्या वेळी घासतो. कारण शोधताना माणूस हैराण होतो. मोठ्या टायरवर पैसे घालण्याआधी बुश बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासायचे तर टायरच्या खांद्यावर खडू फासा, एक चाक पक्क्या रॅम्पवर चढवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा. खडू जिथे उमटेल तिथे टायर लागतो. मागची चाके वळत नाहीत, पण पिकअप माल वाहते. त्यामुळे मागची तपासणी भरलेल्या गाडीतच करावी. ब्रेकच्या रबरी नळीकडे विशेष लक्ष हवे. पत्र्याला घासले तर आवाज होतो, नळीला घासले तर ब्रेक जातात.

उपाय टायर जिथे लागतो त्या जागेवर अवलंबून. प्लास्टिकचे आतले अस्तर गरम करून मागे दाबता येते. दोन पत्रे जोडलेली उभी कड हातोडीने आडवी करता येते, पण त्यावर गंजरोधक रंग त्याच दिवशी लागला पाहिजे. स्टिअरिंगला थांबवणारा बोल्ट थोडा बाहेर काढणे सर्वांत सोपे, पण त्याचीही किंमत आहे. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असेल आणि वळणाचा कोन ३५ वरून ३२ अंशांवर आणला तर वळणाच्या वर्तुळाचा व्यास साधारण ८५ सेंटिमीटरने वाढतो.

घासणे थांबले तरी स्पीडोमीटर चुकतोच. तो फेऱ्या मोजतो आणि आता प्रत्येक फेरीत गाडी ७ टक्के जास्त पुढे जाते. काटा १०० दाखवतो तेव्हा खरा वेग १०७. ब्रेकच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा रोधही साधारण तेवढाच घटतो.

आणि पाचवे चाक? बहुतेक पिकअपमध्ये ते हौद्याखाली टांगलेले असते. नवा टायर तिथे मावतो का, हे टायर घेण्याआधी कोणी बघत नाही. मावत नाही म्हणून जुनेच ठेवले तर ते लावून फोर-व्हील ड्राइव्ह घालून डांबरी रस्त्यावर गाडी हाकू नये: लहान चाकाला तेवढ्याच अंतरात जास्त फिरावे लागते आणि हा फरक गिअर व डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेला) सोसावा लागतो.