एक्सएसएलटीमध्ये मजकूर हाताळण्याची फंक्शनल पद्धत: पार्श्वभूमी

एक्सएसएलटी ही एक्सएमएल दस्तऐवजाचे दुसऱ्या रूपात रूपांतर करणारी भाषा, आणि एक्सपाथ ही त्यातले भाग निवडणारी तिची जोडीदार. दोन्हींची 1.0 मानके 16 नोव्हेंबर 1999 रोजी एकाच दिवशी आली. त्याआधीची डीएसएसएसएल ही शैलीपत्रकांची (रूपांतराचे नियम लिहिलेल्या फाइलींची) भाषा स्कीम या फंक्शनल भाषेच्या पायावर उभी होती. व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलायची नाही, हा संस्कार नव्या भाषेतही राहिला. एक फंक्शन दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय मात्र गळाली.

मजकुरासाठी 1.0 मध्ये मोजकी साधने होती: जोडणे, तुकडा काढणे, एखाद्या खुणेच्या आधीचे किंवा नंतरचे मिळवणे, मोकळ्या जागा आवरणे आणि ट्रान्सलेट. रिप्लेस नव्हते, टोकनाइझ (मजकूर तोडणे) नव्हते, रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना सांगण्याची लिपी) तर नाहीच. ट्रान्सलेट एका अक्षराच्या जागी फार तर एक अक्षर ठेवते. '०१२३४५६७८९' समोर '0123456789' दिले की देवनागरी आकडे एका ओळीत बदलतात. पण 'रु.' काढून '₹' घालायचे म्हटले की ते निरुपयोगी. मग सबस्ट्रिंग-बिफोरने 'रु.'च्या आधीचा भाग लिहायचा, '₹' लिहायचे, उरलेला मजकूर घेऊन त्याच टेम्प्लेटला (नियमांच्या तुकड्याला) पुन्हा बोलवायचे आणि 'रु.' सापडेनासे झाले की थांबायचे. स्वतःलाच पुन्हा बोलावणे, म्हणजे रिकर्शन, इथे हौसेने आले नाही, दुसरा रस्ताच नव्हता.

मजकूर मोठा असला की हा रस्ता खचायचा. दर तुकड्यागणिक स्टॅक (अपुऱ्या कॉलची नोंद) वाढतो, आणि लिबएक्सएसएलटी या प्रोसेसरमध्ये (शैलीपत्रक चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टेम्प्लेटच्या खोलीची ठरलेली मर्यादा 3000 आहे. शेवटच्या कॉलचे लूपमध्ये रूपांतर काही प्रोसेसर करत, सगळे नाही. त्यावर उपाय निघाला तो मजकूर मधोमध चिरून दोन्ही अर्ध्यांवर तेच टेम्प्लेट चालवण्याचा. अक्षर-अक्षर तपासण्याच्या कामात 10 लाख अक्षरांनाही खोली 20 च्या आसपास राहते. शोधायचा शब्द नेमका चिरेवर आला तर तो निसटतो, एवढे भान ठेवावे लागते.

खरी अडचण रिकर्शनची नव्हतीच. ती होती 'रिझल्ट ट्री फ्रॅगमेंट' या प्रकाराची. समजा, ओळ तोडून प्रत्येक शब्द एका एलेमेंटमध्ये ठेवला आणि ते सगळे एका व्हेरिएबलमध्ये साठवले. 1.0 च्या नियमाने त्या व्हेरिएबलची एक तर जशीच्या तशी नक्कल करायची, नाही तर त्याला सपाट मजकूर समजायचे. त्यातला दुसरा शब्द मागता येत नाही, शब्द मोजता येत नाहीत, त्यावर पुढचे टेम्प्लेट लावता येत नाही. एका फंक्शनचे उत्तर दुसऱ्याला देणे हा फंक्शनल पद्धतीचा गाभा, आणि तोच या नियमाने बंद केला. रूपांतराचे उत्तर परत वाचायला लागले तर प्रोसेसरवरचा बोजा वाढेल, असे नियमाच्या बाजूने म्हटले जाई. पण जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरने फ्रॅगमेंट पुन्हा वाचता येण्याजोगा करणारे स्वतःचे नोड-सेट फंक्शन आपापल्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या वेगळ्या कप्प्यात) देऊन ही भिंत फोडलीच. ज्या बोजाची भीती घातली तो सगळ्यांनी आपणहून उचलला होता, आणि एकाची शैलीपत्रके दुसऱ्याकडे चालेनाशी झाली ती वेगळीच.

डिसेंबर 2000 च्या 1.1 च्या मसुद्याने फ्रॅगमेंटचा हा प्रकार काढून टाकला. दुर्दैवाने त्याच मसुद्यात शैलीपत्रकातच दुसऱ्या भाषेतला कोड लिहू देणारा स्क्रिप्ट एलेमेंटही होता. त्याविरुद्ध 2001 च्या सुरुवातीला विकसकांनी सह्यांचे निवेदन काढले. विरोध रास्तच होता, पोर्टेबिलिटीचा, म्हणजे कुठल्याही प्रोसेसरवर चालण्याचा, त्यात बळी गेला असता. त्याच वर्षी 1.1 चे काम थांबले आणि सगळे 2.0 वर ढकलले गेले. स्क्रिप्ट एलेमेंट वगळून फ्रॅगमेंटचा नियम तेवढा तेव्हाच सोडवायला हवा होता, असे मला ठामपणे वाटते. 2.0 आले 23 जानेवारी 2007 ला. तोवर सामाईक नेमस्पेसमधल्या एक्सएसएलटी विस्तारांवर भागवावे लागले.

याच मधल्या काळात एफएक्सएसएल या लायब्ररीने फंक्शन हातात देण्याची युक्ती दाखवली. वेगळ्या नेमस्पेसमधला एक रिकामा एलेमेंट पॅरामीटर म्हणून पाठवायचा. त्यावर अप्लाय-टेम्प्लेट्स चालवले की जुळणारे टेम्प्लेट उठते. एवढ्या आधारावर मजकुरावरचे मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन लावणे) आणि फोल्ड (घटक एकेक करून एका उत्तरात गोळा करणे) 1.0 मध्ये उभे राहिले.

2.0 मध्ये फ्रॅगमेंट गेला. स्वतःची फंक्शन्स, टोकनाइझ, रिप्लेस आणि अनॅलाइझ-स्ट्रिंग आले. मजकुराचे कोडपॉइंट (युनिकोडमधले क्रमांक) करून परत जोडण्याची सोयही आली. ती देवनागरीत जपून वापरावी लागते. 'मराठी'ची लांबी 5 भरते, कारण काना आणि वेलांटी सुटे मोजले जातात. कोडपॉइंट उलटे केले की वेलांटी सर्वांत पुढे लटकते आणि काना ठ ला चिकटतो. मूळ अक्षर आणि त्यामागच्या खुणा एकत्र धरणारे रेग्युलर एक्स्प्रेशन लावले तर म, रा, ठी असे नीट तीन तुकडे पडतात. 'क्ष'सारखे जोडाक्षर तरीही तुटते, त्यासाठी हलन्ताचा नियम वेगळा घालावा लागतो.

फंक्शन हे मूल्य म्हणून एक्सपाथ 3.0 मध्ये 2014 ला आले आणि फोल्ड-लेफ्ट भाषेतच मिळाले. 8 जून 2017 च्या एक्सएसएलटी 3.0 ने मात्र ही सोय ऐच्छिक ठेवली, म्हणजे ती न देणारा प्रोसेसरही मानकाला धरूनच. ब्राउझर तर 1.0 च्या पुढे कधी सरकलेच नाहीत. लिबएक्सएसएलटीही 1.0 वरच आहे, त्यामुळे त्यावर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये 'रु.' बदलायला आजही रिकर्सिव्ह टेम्प्लेट किंवा विस्तारातले फंक्शनच लागते.