पार्श्वभूमी : फ्रीबीएसडीतून केएसई का गेलं?

मार्च २००८मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, केएसई काढून टाकलं गेलं. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये सोबत चालणारी कामं, चालवण्याचं ते तंत्र. जानेवारी २००३मध्ये, ५.० आवृत्तीबरोबर ते आलं तेव्हा त्याच्यावर मोठी भिस्त होती. ते आणावं का लागलं हे कळायला त्याच्या आधीची 'लिबसी-आर' बघावी लागते.

लिबसी-आर ही लायब्ररी थ्रेडचा सगळा कारभार प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, आतच उरकायची. कर्नलच्या लेखी ती एकच प्रोसेस. त्यामुळे एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाणं स्वस्त पडे, पण एखादा थ्रेड डिस्कवरून वाचत थांबला की बाकीचे सगळे ताटकळत. नेटवर्कपुरती नॉन-ब्लॉकिंगची, म्हणजे उत्तरासाठी न थांबण्याची, युक्ती चाले, डिस्कपुढे तिचा इलाज नसे. शिवाय मशीनमध्ये चार प्रोसेसर असले तरी प्रोग्रॅमच्या वाट्याला एका वेळी एकच.

उपाय म्हणून १९९१मधली एक कल्पना निवडली गेली. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टॉमस अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 'शेड्युलर ॲक्टिव्हेशन' मांडलं होतं. थ्रेड कर्नलमध्ये अडकला की कर्नलनं लायब्ररीला हाक मारायची : हा अडकलाय, प्रोसेसर घे, दुसरा चालव. असे ढीगभर थ्रेड मोजक्या कर्नल-थ्रेडांवर आळीपाळीनं चालवायचे. कागदावर हे इतकं देखणं आहे की आजही वाचताना मोह पडतो. केएसई हा त्याचाच फ्रीबीएसडी अवतार. पण प्रत्यक्षात एका घरात दोन कारभारी झाले, एक शेड्युलर (कोणाची पाळी कधी ते ठरवणारा) कर्नलमध्ये आणि एक लायब्ररीत. प्रोसेसला येणारे सिग्नल असोत, प्राधान्यक्रम असो की चुका शोधणारा डीबगर, दरवेळी दोघांचा मेळ घालत बसायचं.

सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमनं २००२मध्ये, नवव्या आवृत्तीत, असलंच दुहेरी प्रकरण सोडून दिलं होतं. लिनक्सच्या नव्या लायब्ररीनंही साधी वाट धरली : एका थ्रेडला एक कर्नल-थ्रेड. फ्रीबीएसडीत जेफ रॉबर्सन यांनी २००३मध्येच तशी 'लिबथ्र' ही लायब्ररी आणली. तरी २००४च्या ५.३ आवृत्तीत मानाचं पान मिळालं ते केएसईला. गंमत अशी, की केएसईसाठी राबलेल्या डेव्हिड शू यांनीच पुढे लिबथ्रची बरीच नवी बांधणी केली. आठ प्रोसेसरच्या मशीनवर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या चाचण्या होऊ लागल्या तेव्हा लिबथ्र आणि सुधारलेलं कर्नल यांची जोडी उजवी ठरली. फेब्रुवारी २००८च्या ७.० आवृत्तीत लिबथ्र डीफॉल्ट, म्हणजे न सांगता वापरली जाणारी, लायब्ररी झाली आणि महिन्याच्या आत विकासशाखेतल्या (पुढच्या आवृत्तीच्या तयारीतल्या) कर्नलमधून केएसईचा आधार निघाला.

जुन्या प्रोग्रॅमांचं काय? लायब्ररी मागितली एक तर दुसरी जोडून देण्याची सोय 'लिबमॅप' फाइलमध्ये आधीच होती. अपग्रेडच्या सूचनांमध्ये त्यासाठी तीन ओळी दिल्या होत्या. पाच, सहा आणि सात या मालिकांमधल्या जुन्या नावांपुढे लिबथ्रचं नाव, एवढंच त्यांत होतं.