समकक्ष परीक्षण

समकक्ष परीक्षण : संशोधनपर नियतकालिकाकडे आलेला निबंध छापण्यापूर्वी त्याच विषयात काम करणाऱ्या, पण त्या निबंधात हितसंबंध नसलेल्या जाणकारांकडून तपासून घेण्याची पद्धत. इंग्रजीतील ‘पिअर रिव्ह्यू’ या संज्ञेचा हा मराठी पर्याय असून ‘समकक्ष समीक्षा’ असाही शब्द आढळतो. महाविद्यालयांत मात्र ‘पेपर रिव्ह्यूला पाठवलाय’ असेच बोलले जाते. परीक्षक मत देतो, निबंध स्वीकारायचा की नाही हे संपादक ठरवतो आणि मजकुराची जबाबदारी लेखकाचीच राहते. या तीन भूमिकांची सरमिसळ झाली की नीतीचे प्रश्न उभे राहतात.

उगमाविषयीची मते : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. नवव्या शतकातील वैद्य इसहाक इब्न अली अल्-रुहावी यांच्या ‘अदब अल्-तबीब’ या वैद्यकीय आचारावरील ग्रंथात तिचे मूळ असल्याचे काही लेखक सांगतात. वैद्याने रोग्याच्या प्रकृतीच्या व उपचारांच्या नोंदी ठेवाव्यात आणि पुढे गरज पडल्यास इतर वैद्यांनी त्या तपासून उपचार योग्य होते की नाही ते ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. व्यवसायबंधूंनी केलेली तपासणी म्हणून हा उल्लेख मोलाचा आहे. परंतु येथे तपासला जातो तो उपचार, प्रसिद्ध व्हावयाचे लेखन नव्हे; त्यामुळे नियतकालिकांतील परीक्षणाशी त्याचा धागा जोडणे ताणलेले वाटते.

अधिक प्रचलित मत लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेकडे बोट दाखवते. सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 6 मार्च 1665 रोजी ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’चा पहिला अंक काढला. (पॅरिसचे ‘जुर्नाल दे साव्हाँ’ त्याच वर्षी जानेवारीत निघाले होते.) अंकातील मजकूर सोसायटीच्या काही सदस्यांनी आधी पाहावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने त्या वेळी केला होता. रॉबर्ट मर्टन आणि हॅरिएट झुकरमन या समाजशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये परीक्षकपद्धतीची बीजे याच काळात दाखवली आणि पुढील बहुतेक संदर्भग्रंथांनी ते मत उचलले. इंग्लंडमध्ये तेव्हा मुद्रणावर परवान्याचे बंधन होते आणि सोसायटीला स्वतःच्या सनदेनुसार छपाईची परवानगी देण्याचा अधिकार होता. म्हणजे हे पाहणे प्रामुख्याने परवान्यासाठी होते. काय छापायचे हे ओल्डेनबर्ग बहुतांशी स्वतःच ठरवत. एलिन फाइफ, नोआ मॉक्सम, अ‍ॅलेक्स सिझार, मेलिंडा बॉल्डविन या अलीकडच्या इतिहासकारांनी मूळ कागदपत्रे तपासून हे मत बरेच सौम्य केले आहे व त्यांचेच म्हणणे अधिक ग्राह्य वाटते.

एडिंबरोतील वैद्यकीय निबंधांच्या 1731 च्या संग्रहाचा दावा याहून सबळ आहे. आलेले निबंध विषयानुसार त्या त्या विषयातील जाणत्या सदस्यांना वाटले जातात आणि ते कोणाकडे गेले हे लेखकाला कळू दिले जात नाही, असे त्याच्या प्रस्तावनेत नमूद आहे. तज्ज्ञाची निवड आणि परीक्षकाची अनामिकता ही आजची दोन्ही लक्षणे येथे एकत्र दिसतात.

रॉयल सोसायटीने 1752 मध्ये ‘ट्रान्झॅक्शन्स’ स्वतःकडे घेतले आणि निबंध निवडण्यासाठी एक समिती नेमली. समितीपुढे बहुधा निबंधाचा सारांश वाचला जाई आणि गुप्त मतदानाने निर्णय होई. तेव्हापासून खंडाच्या आरंभी एक निवेदन छापले जाऊ लागले. निवड विषयाचे महत्त्व किंवा मांडणीची गुणवत्ता पाहून केली आहे, निबंधातील तथ्ये खरी असल्याची हमी सोसायटी देत नाही, असा त्याचा आशय. हे निवेदन फारसे उद्धृत होत नाही, पण नीतीच्या दृष्टीने ते मूलभूत आहे. निवडणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते आणि लिहिणाऱ्याची कोठे सुरू होते, ही रेषा त्यात प्रथमच स्पष्ट आखलेली दिसते.

लेखी अहवालांची प्रथा 1831–32 च्या सुमारास पडली. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या धर्तीवर प्रत्येक निबंधावर तज्ज्ञांचा अहवाल घ्यावा असे सुचवले. त्यांना अभिप्रेत असलेला अहवाल सही केलेला आणि जाहीर होता. नव्या संशोधनाचे मर्म वाचकांना उलगडून सांगणे हा त्याचा हेतू होता. पहिला प्रयोग जॉर्ज एअरी यांच्या पृथ्वी व शुक्र यांच्या गतीवरील निबंधावर झाला. ह्यूएल यांच्याबरोबर जॉन विल्यम लबक हे दुसरे परीक्षक होते. ह्यूएल यांना निबंधाची थोरवी सांगायची होती, तर लबक गणितातले दोष काढत बसले, आणि दोघांचे एकमत होईना. थोड्याच वर्षांत अहवाल जाहीर करणे मागे पडले व ते गोपनीय झाले. आज परीक्षकाकडून गुणग्रहणापेक्षा दोषदर्शनाची अपेक्षा अधिक केली जाते. त्याचे मूळ या मतभेदात शोधता येते.

पुण्यात 1910 मध्ये वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभासदांपुढे निबंध व टिपणे वाचण्याची आणि त्यांवर चर्चा करण्याची रीत होती. तिला आजच्या अर्थाने परीक्षण म्हणता येणार नाही. मात्र लेखन जाणत्यांच्या समोर मांडणे हा विद्वत्सभांचा जुना परिपाठ तिच्यात दिसतो, आणि तेथे आक्षेप घेणारा माणूस लेखकाच्या समोर बसलेला असे.

सार्वत्रिक रूढी : ही पद्धत विज्ञानाइतकीच जुनी आहे हा समज खरा नाही. जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील निबंध ‘नेचर’ने 1953 मध्ये बाह्य परीक्षणाशिवाय छापला होता, त्या साप्ताहिकात परीक्षण सक्तीचे झाले ते 1973 मध्ये. अल्बर्ट आइन्स्टाइन व नेथन रोझन यांचा गुरुत्वीय लहरींवरील निबंध 1936 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकांनी परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा छापण्यापूर्वी तो इतरांना दाखवण्याची परवानगी आपण दिलेली नव्हती असे कळवून आइन्स्टाइन यांनी तो परत घेतला. अशा लहरी अस्तित्वात नसतात असा मूळ निष्कर्ष होता आणि परीक्षकाने त्यातील चूक बरोबर हेरली होती. पुढे निबंध बदललेल्या निष्कर्षासह दुसरीकडे प्रसिद्ध झाला. ते परीक्षक हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन होते हे 2005 मध्ये नियतकालिकाच्या दप्तरातून निश्चित झाले. जवळजवळ सत्तर वर्षे ती गोपनीयता पाळली गेली.

उलट, परीक्षकच चुकल्याचे उदाहरण जॉन जेम्स वॉटरस्टन यांचे. वायूंच्या गतिज सिद्धांतावरील त्यांचा 1845 चा निबंध रॉयल सोसायटीच्या परीक्षकाने निरर्थक ठरवला. हस्तलिखित दप्तरात पडून राहिले. लॉर्ड रॅली यांना ते सापडून 1892 मध्ये छापले गेले, तेव्हा वॉटरस्टन हयात नव्हते.

परीक्षकाची कर्तव्ये : परीक्षकाकडे आलेला निबंध ही लेखकाची ठेव असते. ती इतरांना दाखवू नये, तिच्यातील कल्पना वा आकडे स्वतःच्या कामासाठी वापरू नयेत आणि काम संपल्यावर प्रत जवळ ठेवू नये, हा या नीतीचा गाभा आहे. बाकीची कर्तव्ये यातूनच निघतात.

हा नियम मोडल्यास काय होते याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेतील येल विद्यापीठाचे आहे. एका तरुण संशोधिकेचा निबंध 1978 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने येलमधील एका प्राध्यापकाकडे परीक्षणासाठी पाठवला. त्यांनी तो आपल्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे सोपवला व नापसंतीची शिफारस केली. काही आठवड्यांतच या दोघांनी त्याच विषयावरचा स्वतःचा निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे धाडला. तो परीक्षणासाठी त्या संशोधिकेच्या वरिष्ठांकडे आला, त्यांनी तो तिच्या हाती दिला आणि तिला त्यात आपलीच वाक्ये आढळली. चौकशीत आकडेवारीही विश्वासार्ह नसल्याचे निघाले व 1980 मध्ये अनेक निबंध मागे घ्यावे लागले. येथे एक गोष्ट सहसा निसटते : चोरी उघडकीस आली तीही निबंध दुसऱ्याच्या हाती दिल्यामुळेच. कनिष्ठांची मदत घ्यायची असल्यास संपादकाची पूर्वपरवानगी घ्यावी आणि त्यांचे नाव कळवावे, असा स्पष्ट नियम आता आहे. प्रत्यक्षात मार्गदर्शकाच्या नावावर पीएच.डी.चे विद्यार्थी परीक्षण लिहून देतात आणि श्रेय मात्र मार्गदर्शकाला मिळते, हा विद्यार्थ्यांवर अन्यायच आहे.

हितसंबंध असल्यास, मग ते आर्थिक असोत, नात्याचे असोत वा स्पर्धेचे, परीक्षणाचे काम नाकारावे. मुदत पाळता येणार नसेल तर तसे लगेच कळवावे, कारण निबंध अडकून पडला की कोणाची तरी नेमणूक वा पदवी अडते. स्वतःच्या लेखनाचे संदर्भ वाढवून घेण्यासाठी लेखकावर दबाव आणणे गैर मानले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून 2023 मध्ये अनुदानप्रस्तावांच्या परीक्षणात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लेखनसाधनांचा वापर करण्यास मनाई केली. अशा साधनात गोपनीय मजकूर टाकणे म्हणजे तो तिसऱ्याच्या हाती देणे, हे त्यामागचे प्रमुख कारण.

संपादक व लेखक : वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा गट 1978 मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरला. त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली व लेखकत्वाच्या कसोट्या ठरल्या. ब्रिटनमध्ये 1997 मध्ये काही संपादकांनी प्रकाशन नीती समिती स्थापन केली. ती ‘कोप’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. कामात वाटा नसताना नाव घालणे, एकच निबंध दोन ठिकाणी पाठवणे, वाङ्मयचौर्य, आकडे रचणे हे लेखकाचे ठळक दोष होत. संपादकांचे दोष कमी दिसतात, पण त्यांची व्याप्ती मोठी असते. लेखकांनीच सुचवलेले परीक्षक न पडताळता नेमल्यामुळे बनावट ई-मेल पत्त्यांवरून स्वतःच स्वतःचे परीक्षण करण्याचे प्रकार 2012 पासून उजेडात आले. ‘ट्यूमर बायोलॉजी’ या एकाच नियतकालिकातून 2017 मध्ये 107 निबंध अशा कारणाने मागे घेण्यात आले.

मर्यादा : डग्लस पीटर्स व स्टीफन सीसी यांनी मानसशास्त्रातील 12 प्रसिद्ध निबंध लेखकांची व संस्थांची नावे बदलून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले (1982). तीन ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, बहुतेक पद्धतीतील दोषांसाठी. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या 1998 च्या पाहणीत एका निबंधात मुद्दाम आठ उणिवा पेरल्या होत्या. उत्तर देणाऱ्या 221 परीक्षकांना सरासरी दोनच सापडल्या. दुहेरी अनाम (लेखक व परीक्षक दोघांचीही नावे एकमेकांपासून झाकलेली), एकेरी अनाम (फक्त परीक्षकाचे नाव झाकलेले) आणि खुले (नावे उघड असलेले) परीक्षण यांपैकी सरस कोणते याचा निकाल लागलेला नाही. विषय लहान असेल, तर नाव झाकूनही लेखक ओळखू येतो.

भारतातील स्थिती : पीएच.डी. प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध असावा, ही विद्यापीठ अनुदान आयोगाची 2009 ची अट आणि अध्यापकांच्या बढतीसाठी 2010 मध्ये आलेली गुणांकनपद्धती यांमुळे निबंधांना मोठी मागणी निर्माण झाली. पैसे घेऊन, परीक्षणाचा नुसता देखावा करून निबंध छापणाऱ्या नियतकालिकांनी ती भागवली. ‘सायन्स’ या नियतकालिकाने 2013 मध्ये सदोष बनावट निबंधाची चाचणी घेतली, तेव्हा 304 मुक्त प्रवेश (वाचकांना विनामूल्य खुल्या) नियतकालिकांपैकी 157 नी तो स्वीकारला, त्यांत भारतातून चालणारी बरीच होती. आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली आणि मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नावे वगळली. यादी शुद्ध करण्याचे काम पुढे ‘केअर’ या शैक्षणिक व संशोधन नीतीसाठीच्या योजनेखाली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रकाशन नीती केंद्राकडे आले. त्यानंतर यादीतील जुन्या, प्रतिष्ठित नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब नकली संकेतस्थळे उभी राहिली व केंद्राला नकलांचीही यादी ठेवावी लागली. ज्यांचे संकेतस्थळच नव्हते अशा छापील, प्रादेशिक भाषांतील नियतकालिकांना हा धोका अधिक होता.

पीएच.डी.पूर्वी निबंधाची सक्ती 2022 च्या नियमावलीने काढली. प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम मात्र पीएच.डी.साठी आवश्यक आहे. आयोगाने ‘केअर’ यादी बंद केल्याचे फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केले व नियतकालिकाची पारख करण्याचे काम, सुचवलेल्या निकषांसह, विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपवले.