पोलादी व पीव्हीसी कंड्यूटची जोडणी

विजेच्या तारा ज्या संरक्षक नळीतून ओढल्या जातात, त्या कंड्यूटच्या एकाच मार्गात काही भाग पोलादी आणि काही भाग पीव्हीसीचा ठेवावा लागतो. जमिनीखाली न गंजणारी पीव्हीसी नळी सोयीची असते. तीच वर आली, की वाहनाचा किंवा यंत्राचा धक्का सोसण्यासाठी पोलादी नळी घ्यावी लागते.

आयएस ९५३७ या भारतीय मानकात दोन्ही नळ्यांचे माप बाह्य व्यासावरून (२०, २५, ३२ मिमी. इत्यादी) ठरते. त्यामुळे २५ मिमी.चे पीव्हीसी कप्लर (दोन नळ्या जोडणारा आखूड तुकडा) त्याच मापाच्या पोलादी नळीवरही चढते, आणि फसगत होते ती येथेच. सोल्यूशन, म्हणजे पीव्हीसी चिकटवण्याचा द्राव, प्लॅस्टिकचे पृष्ठभाग मऊ करून ते एकजीव करते. पोलादावर त्याची अशी काहीच क्रिया होत नाही, म्हणून वरून घट्ट दिसणारा हा सांधा तारा ओढताना निसटू शकतो.

खरी जोडणी आट्यांची. पोलादी नळीच्या टोकावर डाय या आटे पाडण्याच्या हत्याराने आटे पाडून, तारांचे आवरण सोलू शकणारी आतली तीक्ष्ण कोर घासून काढतात. मग आतून आटे असलेला पीव्हीसी अडॅप्टर त्यावर फिरवतात व त्याच्या गुळगुळीत तोंडात पीव्हीसी नळी सोल्यूशनने बसवतात. पान्याने फार आवळल्यास अडॅप्टर तडकतो. जागा असेल तेथे मध्ये धातूचा जंक्शन बॉक्स घालणे अधिक चांगले, कारण अर्थिंगची तार जोडायला त्यात जागा मिळते.

अर्थिंग हाच या सांध्याचा कळीचा प्रश्न होय. पीव्हीसी वीज वाहून नेत नसल्याने पोलादी नळीचे अर्थ-सातत्य (जमिनीपर्यंतची अखंड विद्युत जोडणी) येथे तुटते. पुढच्या पोलादी तुकड्याला सोललेली तार टेकली, तर त्यात वीज उतरून तो तसाच राहू शकतो आणि फ्यूजही उडत नाही. म्हणून अर्थची स्वतंत्र तार पूर्ण मार्गातून नेऊन प्रत्येक पोलादी भागाला जोडतात. अमेरिकेत भूमिगत पीव्हीसी मार्गाच्या वळणावर पोलादी एल्बो (वाकवलेला तुकडा) घालण्याची पद्धत आहे, कारण ओढण्याचा दोर घासून प्लॅस्टिकचा बाक कापत जातो. किमान ४५० मिमी. खोल गाडलेल्या एल्बोला तेथील विद्युत संहिता अर्थिंगमधून सूट देते. तेवढ्या खोलीवर त्याला कोणाचा हात लागण्याचा संभव नसतो.

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या फेज व न्यूट्रल तारा वेगवेगळ्या पीव्हीसी नळ्यांतून आल्या असतील, तर पोलादी भागात त्या एकाच नळीतून न्याव्या लागतात, नाहीतर चुंबकीय प्रेरणाने पोलाद तापते. तापमानामुळे होणारे पीव्हीसीचे प्रसरण पोलादाच्या सुमारे पाचपट असते : १० मी. लांबीची नळी ३० अंश से. फरकाने जवळजवळ १८ मिमी. वाढते, तर पोलादी नळी ४ मिमी.हूनही कमी. उघड्यावरील लांब मार्गात म्हणून सांध्याजवळ प्रसरण-कप्लर (नळीला आत-बाहेर सरकू देणारा जोड) बसवतात व पीव्हीसीच्या बाजूचे सॅडल (नळी भिंतीला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) नळी सरकू शकेल इतपतच आवळतात.